देवगड-कणकवली, तीन अर्धी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उशिरा आईबाप होणाऱ्यांसाठी एका डॉक्टरांनी लिहिलेला सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. दोनदा वाचला. पहिल्या वेळी चष्मा सापडेना म्हणून चिरंजीवांनी मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी चष्मा त्यांच्याच दप्तरात सापडला. त्याच्या काचेने उन्हात कागद जळतो का, हे बघायला तो शाळेत गेला होता. (जळतो म्हणे.) लेखात हाडांचा ठिसूळपणा होता, विमा होता, मृत्युपत्र होतं, 'मूल मिळवतं होईल तेव्हा तुमचं वय काय असेल' हे गणितही होतं. एसटीचं तिकीट मात्र कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६०. खरी तारीख आईलाही सांगता येत नसे. "शिमगो झाल्लो, आंबे काढूचे होते" एवढाच तिचा पुरावा, आणि तेवढ्यावर आमच्या गुरुजींनी १ जून ठोकून दिली. वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म त्यांनी त्याच दिवशी उरकला होता. एसटीचा वाढदिवसही १ जूनचाच. १९४८ साली त्या दिवशी पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. तिच्या दाखल्यावरची तारीख तरी खरी आहे.

दोन बहिणींची लग्नं आणि भाऊबंदकीचा एक दावा यांतून मोकळा होईपर्यंत माझं लग्न एकोणचाळिसाव्या वर्षावर गेलं. पुढची चौदा वर्षं पाळणा हलला नाही. कुणकेश्वराला सांगून झालं, देवळात गाऱ्हाणी घालून झाली, मग आम्ही दोघांनीही तो विषय माळ्यावर टाकला. २०१३ च्या उन्हाळ्यात हिला मळमळायला लागलं तेव्हा हिचं वय बेचाळीस. बायकांचं या वयात असतंच काहीतरी, असं ठरवून आम्ही कणकवलीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद हातात देऊन "अभिनंदन" म्हटलं. मी मागे वळून पाहिलं, कोणाचं करतायत म्हणून. १४ डिसेंबरला मुलगा झाला. मी त्रेपन्न वर्षांचा. पुढे २०२१ मध्ये कायदा आला, त्यात कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठी बाईला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न अशी वयाची मर्यादा घातली आहे. आम्हाला उपचार लागले नव्हते आणि तेव्हा तो कायदाही नव्हता, तरी आपण मर्यादेच्या आत होतो हे वाचून उगाचच बरं वाटलं.

३१ मे २०१८ ला निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणं. केंद्रप्रमुख माझ्या 'शांत, निवांत उत्तरायुष्या'विषयी बोलत असताना साडेचार वर्षांचे चिरंजीव मांडीवरून मोठ्यांदा म्हणाले, "बाबा, शी." नारळ तसाच टेबलावर ठेवून मी उठलो. पहिलीला त्याचं नाव घातलं ते नेमकं २०२० च्या जूनमध्ये. शाळा बंद. साठाव्या वर्षी मला एका पोराचा वर्ग मिळाला. उभ्या नोकरीत एवढा कमी पट आणि एवढा जास्त दंगा पाहिला नव्हता.

त्याच वर्षी त्याचा पुढचा दात पडला आणि त्याच आठवड्यात माझी दाढ काढली. दात कौलांवर टाकला की नवा येतो, हे त्याच्या आईने त्याला सांगितलेलं. दात टाकून झाल्यावर त्याने माझी दाढही पुडीतून काढली आणि कौलांवर भिरकावली. नंतर कित्येक दिवस सकाळी उठल्यावर तो आधी स्वतःचं तोंड आरशात बघायचा, मग मला "आ करा" म्हणायचा. त्याचा दात आला. माझा का येत नाही, याचं कारण त्याने स्वतःच शोधलं. "बाबा, तुमची दाढ घरंगळून पन्हळात गेली असणार." अजून पहिल्या पावसाआधी पन्हळ साफ करताना मी जरा बघतो.

आता शाळेविषयी. तो जातो ती शाळा माझी नव्हे, पण त्याच्या बाई माझ्या विद्यार्थिनी. चौथीत असताना पाढे चुकले म्हणून मी त्यांना फळ्याशी उभं केलं होतं, हे मला आठवत नाही. त्यांना आठवतं. पहिल्या पालकसभेत त्या खुर्चीत आणि मी समोर उभा. "गुरुजी, बसा ना," म्हणत त्या उठल्या, मी "नको, नको" म्हणालो, शेवटी दोघेही उभे राहिलो आणि उभ्याउभ्याच माझ्या मुलाचं अक्षर कसं सुधारायचं यावर बोललो. ते अक्षर मीच गिरवून घेतलं होतं. बाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांचंही थोडंफार तसंच आहे.

२०२३ साली सरकारने शाळांत आजी-आजोबा दिवस साजरा करायचं ठरवलं. चिरंजीवांना आजीही नाही, आजोबाही नाहीत, चौघेही तो जन्मायच्या आधीच गेले. घरी आला तो गप्प. जेवणं झाल्यावर ओटीवर माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही याल? कोणाला कळायचं नाही."

गेलो. धोतर नेसून जा, म्हणजे शोभेल, असं हिने सुचवलं होतं. मी पँट घालूनच गेलो, थोडा तरी फरक दिसावा म्हणून. वर्गात आठ-दहा आजोबा होते. त्यांतल्या तिघांना मी शिकवलेलं, एक माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्यांनी लगेच बाकावर सरकून जागा दिली. "गुरुजी, हो नातू काय?" एकाने विचारलं. मी खाली पाहिलं. चिरंजीव माझ्याकडे बघत होते. "होय," म्हटलं. चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, आणि बोललो ते भर वर्गात, फळ्यावरच्या सुविचाराखाली. मग आजोबांचा विटीदांडू झाला. इतर आजोबांना नातवंडं अधूनमधून भेटतात, मुंबईची तर मे महिन्यात आणि गणपतीलाच. माझा मात्र रोजचा सराव. मी सहज जिंकलो. बक्षिसाचा पेला बाईंच्या हातून घेताना त्या इतक्या गंभीर होत्या, की मला फळा आठवायला लागला.

घरी येताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आजोबा म्हणून चांगले आहात."

"आणि बाबा म्हणून?"

"ठीक."

विटीदांडूपेक्षा क्रिकेट अवघड जातं. आयसीसीने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर बंद केला. आमच्या अंगणात अजून चालतो, माझ्या डाव्या गुडघ्यासाठी. पण खेळणारे आम्ही दोघेच. म्हणजे चेंडू टाकणार तो, मी मारला की माझ्या वतीने धावणारही तो, मग तोच चेंडू आणून स्टंप पाडणार आणि स्वतःच ओरडणार, "बाबा, रन आऊट!" पंचही तोच. एकदा मी हरकत घेतली तर म्हणाला, "मग तुम्ही पळा."

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत जाऊन सही करायचे दिवस गेले, आता मोबाईलसमोर चेहरा धरून भागतं. पासबुकाचे आकडे आणि ओटीपी मला नीट दिसत नाहीत, म्हणून ते खातं चिरंजीवांकडे. "बाबा, हलू नका. आता डोळे मिचकवा. नीट मिचकवा!" मी हयात आहे याची खात्री सरकारला पटवणारा साक्षीदार सहावीत शिकतो. त्याच संध्याकाळी त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी सही केली. पालकाच्या सहीची जागा मला सापडेना, तीही त्यानेच बोट ठेवून दाखवली.

आता मूळ मुद्दा. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना एसटीत अर्धं तिकीट हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं झालं, तेव्हापासून आमची ही 'मी अर्धी, तुम्ही पुरे' असं म्हणून गाडीत माझ्याकडे जरा दयेने बघायची. पुरुषाला पासष्ट पुरी व्हावी लागतात. (रेल्वे साठीलाच ज्येष्ठ मानायची, पण मार्च २०२० मध्ये तिने ती सवलतच थांबवली. कोकणकन्येत मी अजून तरुणच आहे.) १ जून २०२५ ला मला पासष्ट पूर्ण झाली. चिरंजीवांना बारा पुरी व्हायला डिसेंबर उजाडायचा होता. म्हणजे साडेसहा महिने आमच्या घरात फुल्ल तिकिटाचं माणूसच नव्हतं.

हे गणित मांडलं त्यानेच, वहीत, तारखांसकट. लगेच कणकवलीला जायची घाई सुरू झाली. काम काहीच नव्हतं. शेवटी माझ्या डोळ्याचं निमित्त काढलं, एकात मोतीबिंदू धरला आहेच. देवगड स्टँडवर गाडी लागली, कंडक्टर आला. मी आधारकार्ड पुढे केलं आणि म्हटलं, "कणकवली. तीन अर्धी."

त्याने कार्ड पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"आणि नातवाचे आईबाप?"

"ते आम्हीच."

तो जरा वेळ तिकिटाच्या मशीनवर बोट धरून उभा राहिला. "म्हणजे तुमच्यात पुरो माणूस कोणच नाय?" मागच्या सीटवरच्या कोळणीने टोपली सावरत सांगितलं, "तिगांचो मिळान दीड झालो मां!" जामसंडे येईपर्यंत गाडीत हाच विषय. तळेबाजारला चढणाऱ्यांना उतरणाऱ्यांनी सांगितलं. शिरगावला एका बाईने उतरता उतरता मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि हिच्या कानात काहीतरी पुटपुटली. ही लाजली. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला लाजताना दोनदाच पाहिलंय.

भांडण होतं ते खिडकीवरून. मला वारा लागला नाही तर फिरतं. त्याचं म्हणणं, "तुम्ही हा रस्ता हजार वेळा बघितलाय. आणि तुमचा एक डोळा तसाही बंद." यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. "पैसे कोण भरतो? ज्याचं तिकीट फुल्ल, त्याची खिडकी. आज कोणाचंच नाही, तेव्हा वयाने ठरेल." नांदगाव येईपर्यंत तो फुगून आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला.

त्या साडेसहा महिन्यांत आम्ही सातदा एसटीने गेलो. विजयदुर्गाला, मालवणला, आणि एकदा नुसतंच तळेबाजारला भजी खाऊन परत. दर वेळी तो तिकिटाचे कागद जपून ठेवायचा. आपल्या लेखातलं ते गणित मीही करतो, नाही असं नाही. बहुतेक रात्री लघवीला उठल्यावर. तो बारावीला जाईल तेव्हा मी एकाहत्तर. पण पुढचा आकडा डॉक्टरांनी दिला नव्हता. पंचाहत्तरी झाली की एसटी ज्येष्ठांना फुकट नेते, तसं २०२२ च्या ऑगस्टपासून चालू आहे. मला २०३५ च्या जूनमध्ये पंचाहत्तर पुरी होतील. चिरंजीव तेव्हा एकवीस वर्षांचे, म्हणजे कायद्याने लग्नाला मोकळे. योजना तोवर टिकली आणि मीही टिकलो, तर वरातीला जायला मला तिकीट लागणार नाही. हिला तेव्हाही अर्धं काढावं लागेल, हे मी तिला आताच सांगून ठेवलं आहे.

१४ डिसेंबरला त्याला बारा पूर्ण झाली. पुढच्या शनिवारी परत कणकवली, आता खरोखरच डोळ्यासाठी, शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला. गाडीला गर्दी होती, तरी तीन सीट मिळाल्या. खिडकीशी जाऊन मी टेकलो. कंडक्टर वेगळा होता. मी सवयीने तोंड उघडलं, तेवढ्यात चिरंजीवांनी माझ्या खिशातून पाकीट काढलं.

"कणकवली. एक फुल्ल, दोन हाफ."

कंडक्टरने न बघताच माझ्याकडे बोट केलं. "फुल्ल तुमचं?"

"माझं," तो म्हणाला. तिकिटं घेतली, एकेक करून वाचली, आपलं वेगळं काढून शर्टाच्या खिशात घातलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, उठा. खिडकी."

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग