तीन मिनिटांचे डाव आणि अडलेला खेळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली, तेव्हापासून आपल्या दैनिकात बुद्धिबळावर अधूनमधून मजकूर येऊ लागला आहे, याबद्दल आपले आभार. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला होता. अशा बातम्यांनंतर परभणी, हिंगोली, जालना या भागांतील कितीतरी तरुणांच्या मोबाईलमध्ये बुद्धिबळाचे अ‍ॅप आले आणि रात्री उशिरापर्यंत डाव रंगू लागले. हौशी खेळाडूंची संख्या वाढली हे खरे, परंतु त्यांचा खेळ एका ठिकाणी येऊन अडतो आणि तेथून पुढे हलत नाही, असे मला दिसते. त्याची कारणे मांडावीत म्हणून हे पत्र.

माझा भाचा एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. खत-बियाण्यांचे गिऱ्हाईक नसले की तो तीन मिनिटांचा, म्हणजे प्रत्येक खेळाडूला सगळ्या चालींसाठी मिळून तीनच मिनिटे असलेला, डाव लावतो. अ‍ॅपमध्ये प्रत्येक डाव नोंदलेला राहतो, त्यामुळे त्याच्या संमतीने मी त्याचे बरेच डाव पटावर मांडून पाहिले. पहिल्या काही चालींतच वजीर बाहेर काढायचा, उंटाच्या साथीने समोरच्या राजाशेजारच्या, म्हणजे राजाच्या उंटापुढील प्याद्यावर डोळा ठेवायचा आणि चार चालींत मात होते का ते पाहायचे, अशी त्याची ठरलेली रीत आहे. समोरचा नवखा असेल तर हा डाव साधतो. मात्र समोरच्याने शांतपणे राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून वजिरावरच रोखले, की वजिराला जागा सोडावी लागते. अशा दोन-तीन चाली त्याच्या पळापळीत जातात, तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याची मोहरी बाहेर येऊन त्याचा किल्लेकोटही (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणारी चाल) झालेला असतो. भाच्याचा राजा मात्र पटाच्या मध्यभागी उघड्यावर राहतो. याला तो ‘माझी आक्रमक शैली’ म्हणतो. माझ्या मते ही शैली नसून कमी वेळात खेळल्याने जडलेली सवय आहे.

वेळेचा हिशेब सोपा आहे. तीन मिनिटांचा डाव चाळीस चालींपर्यंत गेला, तर एका चालीला साडेचार सेकंद मिळतात. एवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, आठवलेली चाल खेळतो. त्यामुळे समोरच्याने नुकतीच केलेली चाल कशासाठी केली, हा बुद्धिबळातील पहिला प्रश्नच मनात उठत नाही. भाच्याच्या हरलेल्या डावांपैकी बहुतेक डावांत अवघड असे काही घडलेले नव्हते. घोड्याच्या दुहेरी माऱ्यात हत्ती गेला किंवा आधार नसलेला उंट फुकट दिला, एवढेच. याउलट पंधरा मिनिटांचा आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव असा डाव लावला, तर त्याच चाळीस चालींना सरासरी साडेबत्तीस सेकंद मिळतात. रोज दहा झटपट डाव खेळण्याऐवजी असा एकच डाव खेळावा, असे मी त्याला सुचवले, तेव्हा त्याला ते कंटाळवाणे वाटले. हा कंटाळा ज्याला सोसवत नाही, त्याने करमणूक म्हणून जरूर खेळावे. मग रेटिंग, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारे गुण, वाढत नाही अशी तक्रार मात्र करू नये.

रेटिंगबद्दलही गैरसमज फार आहेत. लिचेससारख्या संकेतस्थळावर नवा खेळाडू १५०० गुणांपासूनच सुरुवात करतो, म्हणून तेथील १५०० आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे १५०० एकच समजणे चुकीचे आहे. महासंघाने मार्च २०२४ पासून आपल्या यादीची किमान मर्यादाच १४०० केली. मोबाईलवरील आकड्याच्या भरवशावर मुले तालुक्याबाहेरच्या स्पर्धेला जातात आणि पहिल्याच दिवशी हिरमुसून परततात.

खरा दुबळेपणा डावाच्या अखेरीस उघड होतो, कारण तेथे सापळे संपलेले असतात. भाच्याचा एक डाव सांगण्यासारखा आहे. दोघांकडे एकेक हत्ती, समोरच्याकडे एक प्यादे जादा, आणि भाच्याचा राजा त्या प्याद्याच्या वाटेत नेमका उभा. ही स्थिती बरोबरीत सुटते. आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या रांगेत नुसता उभा ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. कंटाळून त्याने प्यादेच त्या रांगेत ढकलले, की आपला हत्ती थेट पटाच्या पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादे पुढे निघून गेल्यामुळे त्याच्या राजाला आडोसा उरत नाही. अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिदोर याच्या नावाने ही रीत ओळखली जाते. भाच्याने मात्र हत्ती राजाशेजारी शेवटच्या रांगेत आणून बसवला, समोरचा राजा निर्वेध पुढे आला आणि डाव गेला. ही एक रीत शिकायला अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ त्याने कधी दिला नव्हता, कारण चित्रफिती पाहून ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, चाली पाठ करण्यातच त्याची उमेद खर्च होत होती. ‘लातूर पॅटर्न’च्या आपल्या मुलखात पाठांतरावर श्रद्धा असणे स्वाभाविक आहे, पण प्रतिस्पर्ध्याने पाचव्या चालीला पुस्तकाबाहेरची चाल केली की पाठांतर तेथेच संपते.

दुसरी अडचण संगणकाच्या विश्लेषणाची आहे. स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा संगणकीय प्रोग्राम आज कोणालाही फुकट उपलब्ध आहे आणि कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. डाव संपला की मुले बटण दाबतात, लाल खुणा पाहतात, ‘अरे, इथे चुकलो’ म्हणतात आणि लगेच पुढचा डाव लावतात. आपण ती चाल का केली, हे यंत्र सांगू शकत नाही. ते खेळणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून हरलेला डाव आधी पटावर मांडावा, जेथे डाव फिरला असे वाटते तेथे थांबून तेव्हा मनात काय होते ते वहीत लिहावे, आणि यंत्राचे मत त्यानंतर पाहावे. सोव्हिएत जगज्जेता बॉतविनिक स्वतःच्या डावांच्या परखड चिकित्सेवर भर देत असे, आणि त्याच्या काळी असे यंत्र हाताशी नव्हते. वही दोन महिने चालवली, तरी आपल्या तीन-चार चुकाच पुन्हापुन्हा होतात हे दिसू लागते. भाच्याच्या वहीत सध्या ‘समोरची चाल न पाहता शह दिला’ हेच वाक्य निरनिराळ्या अक्षरांत सापडते.

यासाठी महागड्या शिकवणीची गरज नाही. तालुक्याच्या वाचनालयांत कॅरमबोर्ड असतो, तेथे दोन पट आणि एक घड्याळ ठेवणे अशक्य नाही. समोरासमोर बसलेल्या माणसापुढे चाल मागे घेता येत नाही, ही शिस्तही त्यातून लागते.

आपल्याकडे एकच विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत विजेत्यांच्या छायाचित्रांसोबत डावाच्या अखेरीची एक स्थिती पटाच्या आकृतीसह छापावी, आणि शक्यतो ती हत्ती-प्याद्यांची असावी, कारण हौशी खेळाडूचे डाव तेथेच अधिक निसटतात. उत्तर मात्र त्याच पानावर खाली उलटे छापू नये. ते पुढच्या रविवारी द्यावे.

आपला नम्र,
एक वाचक, परभणी