इरल्यातली आजी

मु. केळशी, ता. दापोली, जि. रत्नागिरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आजी गेल्याचे तुला फोनवर कळवले, पण बोलणे अर्धवटच राहिले. घर माणसांनी भरलेले होते आणि मलाही धड काही सुचत नव्हते. आता तेरावे उरकले, चाकरमानी मुंबईला परत गेले, म्हणून निवांत लिहायला बसलो आहे. शेवटचे आठ दिवस ती नुसत्या पेजेच्या निवळीवर होती आणि एका पहाटे झोपेतच गेली. तिला त्रास झाला नाही, एवढे समाधान आहे.

भेटायला आलेला प्रत्येक जण एकच सांगत होता, की म्हातारी फार कष्टाळू होती, जन्मभर राबली. ते खरेच आहे, पण ते ऐकून माझे मन भरेना. राबायला बैलही राबतो. आजी जाणती शेतकरी होती, आमच्या वाडीत तिच्याइतके भाताचे कळणारे दुसरे कोणी नव्हते, हे मात्र एकानेही म्हटले नाही. तू तिला शेतात पाहिले आहेस, म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

तिच्या आधार कार्डावर जन्मसाल १९३० आहे, तेही अंदाजाने घातलेले. ती स्वतः सांगायची, की रामदास बोट बुडाली तेव्हा तिच्या लग्नाला दुसरे वर्ष चालू होते. ती तारीख १७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या. रेवसला निघालेल्या त्या बोटीवरची सहाशेहून अधिक माणसे गेली. बातमी आली तेव्हा आजी भाताच्या खाचरात वाकलेली होती आणि हातातली रोपांची मूठ तशीच धरून सगळ्या बाया मेरेवर, म्हणजे बांधावर, येऊन बसल्या, एवढेच ती सांगत असे.

तिचे माहेर वर सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या अंगाला, खोताची जमीन कसणाऱ्या कुळाचे. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी पोचवावा लागे आणि लहानपणी तिनेही डोक्यावरून भात वाहिले होते. उरलेल्यातून आधी बियाणे बाजूला निघायचे आणि मगच घरचे खाणे. एका वर्षी श्रावणातच धान्याची कणगी रिकामी झाली, घरातली पोरे कंदमुळे उकडून खात होती, तरी तिच्या आईने माळ्यावरच्या बियाण्याला हात लावू दिला नाही. ही गोष्ट आजी रडगाणे म्हणून कधीच सांगत नसे. बियाणे कसे राखायचे हे ज्या दिवशी कळले, त्या दिवसाची आठवण म्हणून ती सांगायची.

आजोबा लालबागला गिरणीत होते, ते वर्षातून दोनदा यायचे. त्यामुळे पाच खाचरांची शेती पहिल्यापासून तिचीच होती. जोत, म्हणजे नांगराची बैलजोडी, शेजाऱ्याचे, त्याच्या बदल्यात हिची त्यांच्या शेतात दोन हातांची सावड. रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजण्यापासून कणगी भरण्यापर्यंतचे सगळे निर्णय तीच घ्यायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला आणि आजोबा कायमचे गावी आले. तेव्हा कोणते खाचर पाणी धरते आणि कोणते सोडते, हे तिनेच त्यांना मेरेवर उभे राहून दाखवले होते.

तिचे बियाणे निवडणे मी अगदी जवळून पाहिले आहे. कापणीच्या आठ दिवस आधी ती एकटीच खाचरात शिरायची आणि लोंबी तळहातावर आडवी घेऊन अंगठ्याने टोकापासून देठापर्यंत चाचपत जायची. टोकाचा दाणा भरलेला असेल तरच ती लोंबी घ्यायची. दुसऱ्या जातीची भेसळ दिसली की ती बाजूला फेकायची. निवडलेल्या लोंब्या बैलांच्या पायाखाली जात नसत, ती त्या खळ्याच्या कोपऱ्यात हाताने झोडायची, तीन उन्हे द्यायची आणि शेणाने सारवलेल्या कणगीत निरगुडीचा पाला घालून ठेवायची. राब कशासाठी भाजायचा, असे मी एकदा विचारले, तेव्हा तिने तण जळते, माती भुसभुशीत होते आणि तरवा, म्हणजे भाताची रोपे, मुळे न तुटता निघतो, अशी तीन कारणे एका दमात सांगितली होती.

नवे शिकायला मात्र ती कधी अडून बसली नाही. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले, आणि पुढे तिथून आलेल्या माणसाने दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवायला सांगितले. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे आणि तळाचे बी साध्या पाण्याने धुऊन घ्यायचे. वाडीतल्या लोकांना मीठ घातल्याने बी मरेल असे वाटले. हिने एका परातीत करून पाहिले आणि पुढच्या वर्षापासून तेच धरले.

जमीन सासऱ्यांच्या नावावर लागली ती कुळकायद्याने, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर. आजीचे नाव सातबाऱ्यावर आले ते थेट आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. उतारा मी आणला होता. तिला वाचता येत नव्हते. तिने माझे बोट धरून आपल्या नावावर ठेवायला लावले, मग स्वतःच्या बोटाने ते नाव दोनदा चाचपले, लोंबी चाचपायची तसेच, आणि कागद पत्र्याच्या पेटीत ठेवला. त्यावर ती कधी काही बोलली नाही.

आता निसर्ग वादळाचे लिहितो, कारण तेव्हा तू फोन करत होतास आणि आमच्याकडे कित्येक दिवस वीजही नव्हती. ३ जून २०२० ला दुपारी कौले पानांसारखी उडाली. पोफळी काडीसारख्या मोडल्या, सात माड आडवे झाले, परसातला रातांबा मुळासकट उपटला गेला. आजी नव्वदीची. वारा पडल्यावर तिने पहिला प्रश्न केला तो दाढीचा, म्हणजे रोपांच्या वाफ्याचा. पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफेवर पेरलेले सगळे बी पावसाने वाहून नेले होते. आम्ही डोक्याला हात लावून बसलो. तेव्हा तिने पडवीतल्या निळ्या पिंपाकडे बोट केले. अर्धे बियाणे तिने त्यात राखून ठेवले होते. "समदं बी येकदम पेरायचं नसतं, बाला," एवढेच ती म्हणाली. त्या वर्षी आमची लावणी पंधरा दिवस उशिरा झाली, पण खाचर पडीक राहिले नाही.

तुला जुलै १९९८ आठवत असेल. कोकण रेल्वे त्याच वर्षी २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली होती आणि तू खेडला उतरून भिजत आमच्या घरी आलास. तू मूठभर काड्या एकदम चिखलात खुपसत होतास, तेव्हा तिने तुझे मनगट धरून दोन-तीनच काड्या कशा घ्यायच्या आणि वरवर कशा लावायच्या ते दाखवले, कारण खोल गेलेल्या रोपाला फुटवा कमी येतो. त्याच दिवशी तू भावाच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला होतास. पाठीवर पावसासाठीचे पानांचे इरले, गुडघाभर चिखल, हातात तरव्याची मूठ, आणि नजर तुझ्याकडे नसून मागच्या खाचराकडे.

माझे मागणे त्या फोटोचेच आहे. तेराव्याला भिंतीवर लावायला घरात तिचा एकही धड फोटो मिळाला नाही, शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून घेतला. त्यात तिने डोळे मिटल्यासारखे दिसते आणि मागे पांढरा पडदा आहे. रोज ओटीवर येताना तो मला बघवत नाही. तुझ्या आईच्या कपाटात जुने अल्बम होते, त्यात तो असेल. प्रत फिकी झाली असली तर निगेटिव्ह शोध, दापोलीत अजून एक जण त्यावरून प्रती काढून देतो. पण पाठवशील ते पोस्टाने पाठव, मोबाइलवर नको, कारण मला तो मोठा करून लावायचा आहे आणि हातातली ती मूठ स्पष्ट दिसली पाहिजे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच