छोट्या मूर्तींना गुणांसोबत शेराही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीतल्या किल्ल्यांच्या स्पर्धांच्या बातम्या आपण दर वर्षी छापता, म्हणून आपल्याला लिहिते आहे. किल्ल्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या किल्ल्यांवर उभी असतात ती दोन-दोन इंचांची माणसं, त्यांच्याबद्दल आहे.

मी पेणला राहते. २२ वर्षं गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. सीझन संपला की घरी लहान मूर्ती रंगवायला घेते. गेल्या वर्षी आंग्र्यांच्या आरमारातला एक खलाशी केला, ५४ मिलिमीटरचा, आणि आमच्या तालुक्यातल्या एका मंडळाच्या स्पर्धेत ठेवला. परीक्षकांनी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, टेबलापासून चार हात लांब उभं राहून तो पाहिला आणि १० पैकी ६ गुण लिहिले. का ते विचारलं, तर म्हणाले, "रंग जरा फिके वाटतात, ताई."

ते फिके मी मुद्दाम ठेवले होते. त्यासाठी अलिबागच्या किनाऱ्यावर जाऊन होडीवरून उतरणाऱ्या माणसांचे सदरे बघत बसले होते. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने खांदे आधी विटतात, काखेत मात्र कापडाचा मूळ रंग शाबूत राहतो. खलाशाच्या बंडीला मी तसाच रंग दिला होता. परीक्षकांना तो आवडलाच पाहिजे असं नाही. पण मूर्ती हातात घेतली असती, तर तिच्यातली खरी चूक त्यांना सापडली असती. डाव्या दंडावर साच्याच्या जोडाची रेघ मी घासायची विसरले होते आणि रंग चढल्यावर ती शिवणीसारखी उठून दिसत होती. मला ती महिन्याभराने दिसली. त्या दिवशीच कोणी बोट ठेवलं असतं, तर पुढच्या दोन मूर्तींत तीच चूक झाली नसती.

त्याच स्पर्धेत सहावीतल्या माझ्या भाच्याच्या मावळ्यांना ४ गुण मिळाले. घरी येऊन त्याने ब्रश डब्यात टाकला, तो पाडव्यापर्यंत काढला नाही. मी मावळे उजेडात नेऊन पाहिले. पगड्या नीट होत्या, शेल्यांच्या कडाही सरळ होत्या. बिघडले होते ते डोळे. दोन इंचांच्या मूर्तीचा डोळा जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो. त्यात पांढरा भरून मधोमध काळा ठिपका दिला, की माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. गणपतीच्या आखणीतही हे पथ्य आहे, बुबुळ वरच्या पापणीखाली थोडं दबलेलं हवं. लहान मूर्तीत ते जास्तच सांभाळावं लागतं. पांढरा निव्वळ पांढरा नको, त्यात चिमूटभर तपकिरी हवा. पापणीची रेघ काळी नको, गडद तपकिरी हवी. रंग पातळ ताकाइतका सैल हवा. ब्रश शून्य नंबरचा असो की दोनचा, त्याचं टोक एका केसावर आलं पाहिजे. मी त्याला एका मावळ्याची वरची पापणी ओढून दाखवली. उरलेले सात त्याने त्याच रात्री सुधारले. चार गुण देणाऱ्याला हे सांगायला एक मिनिट लागलं नसतं.

अमेरिकेत रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांची एक संस्था आहे, आर्मर मॉडेलिंग अँड प्रिझर्वेशन सोसायटी. तिच्या स्पर्धेत एकाची प्रतिकृती दुसऱ्याच्या प्रतिकृतीशी तोलत नाहीत. प्रत्येकीला ठरलेल्या कसोटीवर बघतात, त्यामुळे सुवर्णपदकं एकाहून जास्त निघू शकतात. आणि परीक्षक कागदावर शेरे लिहून देतात, पुढच्या वेळी काय सुधारायचं त्याचे. आपल्याकडे हे करायला पैसे लागत नाहीत.

परीक्षकांना माझी विनंती आहे. मूर्ती आधी हातभर अंतरावरून बघा, ती कोण आहे आणि काय करते आहे हे तिथूनच कळायला हवं. मग भिंग घ्या. एवढ्याशा अंगावर खरा उजेड पुरेशी सावली पाडत नाही, ती रंगानेच द्यावी लागते. ती दिली आहे का आणि उजेड सगळीकडे एकाच बाजूने येतो का, हे तपासा. आपल्या हवेचाही विचार करा. पावसाळ्यात फवाऱ्याचं मॅट वार्निश मारलं की दमटपणाने त्यावर दुधी साय धरते. माझे दोन मावळे जुलैत असेच गेले. तसं दिसलं तर गुण कापा, पण "कोरड्या दिवशी मारा" एवढं खाली लिहा. विकत आणलेली रंगीत मूर्ती आणि घरी रंगवलेली मूर्ती एकाच रांगेत तर मुळीच ठेवू नका.

येत्या दिवाळीत पेण परिसरातल्या कुठल्याही मंडळाने बोलावलं, तर मी मानधन न घेता येईन आणि प्रत्येक मुलाच्या मूर्तीखाली दोन ओळी लिहीन. भिंग माझं आणीन. टेबल तेवढं खिडकीपाशी मांडा आणि वेळ सकाळची ठेवा.

आपली,
एक आखणीकार, पेण (जि. रायगड)