मधुमेहींच्या पायाची जखम तालुक्यातच साफ व्हायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर उजाडला की १४ तारखेच्या मधुमेह दिनानिमित्त तुमच्या जिल्हा पानावर शिबिरांचे फोटो येतात. बोटाला सुई टोचून घेणारी माणसं, मागे बॅनर, शेजारी पाहुण्यांचा सत्कार. साखर किती निघाली ते चिठ्ठीवर लिहून मिळतं. ‘चपला काढा, तळवा दाखवा’ असं म्हणणारं मात्र त्या मांडवात सहसा कोणी नसतं. ग्रामीण रुग्णालयातल्या ड्रेसिंगच्या खोलीत माझी बहुतेक नोकरी गेली. मधुमेहाने खाटेला खिळलेली जी माणसं मी पाहिली, त्यातली बरीचशी पायाच्या जखमेने खिळली होती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेह पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि सर्वांत जास्त प्रमाण आपल्या शेजारी, गोव्यात आहे : २६.४ टक्के. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून अलीकडे आलं की भात आणि गोडधोड थांबतं, असं थोडंच आहे!

साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. रक्तवाहिन्याही अरुंद होतात. त्यात आपलं किनाऱ्यावरचं जगणं. खाडीत कालवं काढताना शिंपल्याची धार लागते, रापणीचं जाळं ओढताना शिंगाळा माशाचा काटा घुसतो, मे महिन्यात कातळावर तळवे भाजतात, शिमग्यात पालखीमागे अनवाणी फिरणं होतं, लावणीच्या चिखलात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ज्याला संवेदना आहे तो कळवळून पाय उचलतो. ज्याला नाही तो तसाच चालत राहतो. रात्री उंदराने अंगठा कुरतडला तरी जाग न आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मुलं मुंबईत, घरात दोनच म्हातारी माणसं, दोघांचीही नजर अधू. तळवा बघायचा कोणी?

मग जखमेला वास येईपर्यंत हळद, कंबरमोडीचा रस, तंबाखू, कोळशाची पूड असं सगळं लावून होतं. शिकलेली मंडळी मेडिकलमधून मलम आणतात किंवा फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओततात. फेस आला म्हणजे जखम धुतली गेली असं वाटतं खरं, पण त्याने वर येऊ पाहणारं कोवळं मांसही जळतं. हल्ली मधाचं कौतुक फार ऐकू येतं. मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, जखम भरण्यासाठी मध वापरू नये असंच म्हटलं आहे. त्याच सूचनांमध्ये ब्लेडने मृत भाग काढून टाकणं हाच नेहमीच्या उपचाराचा पाया मानला आहे.

या कामाला डॉक्टर डिब्रीडमेंट म्हणतात, ड्रेसिंगच्या खोलीत आम्ही नुसतं ‘जखम साफ करणं’ म्हणतो. जखमेवर साचलेला पिवळट, बुळबुळीत थर आणि काळं पडलेलं मांस यांत रक्त फिरत नाही, त्यामुळे पोटातून दिलेलं औषध तिथे पोचत नाही. जंतू त्या थराखाली निर्धास्त वाढतात. कडेला घट्टा धरलेला असतो. तो चालताना आतल्या मांसावर खड्यासारखा दाबत राहतो आणि नवी कातडी आत सरकू देत नाही. पुष्कळदा वरून फक्त घट्टाच दिसतो, फार तर मध्ये काळपट रक्ताचा डाग. तो घट्टा तासला की खाली जखमेचा खड्डा निघतो. जखम साफ केल्याशिवाय ती केवढी आहे हेच कळत नाही. साफ झाली की निर्जंतुक सळई हलकेच आत घालून बघतात. हाडाला टेकली तर हाडात संसर्ग असल्याचा संशय धरायचा. त्या वेळचा एक्स-रे चांगला आला तरी निर्धास्त व्हायचं नाही, कारण हाडातला फरक एक्स-रेवर उमटायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात.

साफ करताना कडेने ताजं लाल रक्त येतं. ते पाहून नातेवाईक घाबरतात, काम करणाऱ्याला मात्र ती चांगली खूण वाटते. पाय बधिर असल्याने बरेचदा भूल द्यावी लागत नाही. “सिस्टर, माका दुखणा नाय, मगे कित्याक कापतास?” असं विचारणारे आजोबा आमच्याकडे नेहमी येत. दुखत नाही हाच तर आजार, हे त्यांना समजावण्यात ब्लेड चालवण्यापेक्षा जास्त वेळ जाई. शिवाय वाडीत कोणाचा तरी पाय गुडघ्याखाली कापलेला असतो. त्यामुळे ब्लेड म्हटलं की माणसं घरातच दडून बसतात आणि पुढे खरोखरच पाय जाण्याची पाळी येते.

मात्र ब्लेड सरसकट चालवायचं नसतं. आधी पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी चाचपून बघायची. पाय थंडगार, नाडी लागत नाही, बोट कोरडं काळं पडलं आहे, अशा पायावर कापाकापी केली तर जखम वाढतच जाते. तिथे आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनने रक्तपुरवठा तपासायला हवा. पू, ताप, घोट्याकडे चढणारी लाली असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, उद्याची एसटी बघायची नाही.

उरलेल्या, म्हणजे रक्तपुरवठा ठीक आणि संसर्ग नाही अशा जखमांना आठवड्या-पंधरवड्याने साफसफाई लागते. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर कुठे अडलं आहे ते पुन्हा शोधावं लागतं. आमची अडचण इथेच आहे. देवगड किंवा राजापूरच्या खेड्यातल्या माणसाने दर आठवड्याला घाट चढून कोल्हापूर गाठायचं की गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जायचं? बरोबर येणाऱ्याचा रोज बुडतो, पावसात घाटात दरड आली तर तोही रस्ता बंद. दोन खेपा होतात, तिसरीला माणूस घरीच राहतो. ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या शल्यचिकित्सा विभागाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातला एक डॉक्टर आणि एक परिचारिका या कामात तयार करावी, आठवड्यातला एक वार पायांसाठी ठरवावा. ब्लेड, चिमटा, सळई, सलाइन आणि गॉज एवढ्यावर हे काम चालतं. त्यासाठी नवी इमारत मागायला नको.

तळवे बघायला आशाताईंना उपकरणही लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पावलांची अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांची टोकं एकेक करून बोटाने एक-दोन सेकंद हलकेच टेकायची, दाबायची नाहीत. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणचा स्पर्श कळला नाही तर पाय बधिर होऊ लागले आहेत असं समजायचं. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. सून सासूची ओटीवर बसून करू शकेल.

दुसरी मागणी चपलांची. साफ केलेल्या जखमेवर पुन्हा तेच वजन पडलं तर केलेलं सगळं वाया जातं. कुष्ठरोग्यांसाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाच्या चपला सरकार वाटतं. बधिर पायाची जखम रोगाने ‘झडत’ नाही, न जाणवलेल्या दाबाने आणि इजेने होते, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जनने कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि तिथे हीच समज मधुमेहींच्या पायांसाठी वापरली गेली. आपल्याच देशातल्या रुग्णांच्या पायांवरून मिळालेलं हे ज्ञान आपल्या मधुमेहींपर्यंत मात्र नीट आलेलं नाही. ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्या मधुमेहींनाही याच चपला जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून द्याव्यात. त्या मेअखेर हातात पडायला हव्यात. जूनमध्ये नांगरट सुरू झाली की बाजारातला मिळेल तो गमबूट पायात जातो आणि त्यात अडकलेला खडा दिवसभर कोणाला जाणवत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग