“आधी गाडीच्या खाली बघ” म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार फोनवर मानायला गेले असते, तर “त्यात काय एवढं” म्हणून तुम्ही लगेच विषय बदलला असता. म्हणून मुद्दाम चारचौघांत लिहितेय. आता बदला विषय!

जुन्या चित्रफितींच्या नोंदी करताना ती एक रीळ माझ्याकडे अडून बसली होती. डब्यावर ना नाव, ना साल. बाजाराचा कृष्णधवल प्रसंग, आणि नायकाच्या पाठीमागून एक बोनेटवाली गाडी निघून जाते. मागे नुसता बंदिस्त खोका, एकही खिडकी नाही. तोंड बेडफर्ड या ब्रिटिश कंपनीच्या ओ मालिकेचं आहे, एवढं ग्रिलवरून कळत होतं. पण ते तोंड त्या मालिकेतल्या ट्रकलाही होतं आणि ओबी नावाच्या बसलाही. तुम्हाला ते चित्र पाठवलं, तर उत्तर आलंच नाही, उलट प्रश्न आला: “मागचं चाक कुठे आहे? बॉडी राहू दे, आधी गाडीच्या खाली बघ.”

गाडी बरोबर आडवी दिसते ती चौकट निवडून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर टायरच्या उंचीत मोजायचं, ही युक्ती तुमची. लांब चासीच्या (म्हणजे खालच्या सांगाड्याच्या) ओ ट्रकमध्ये हे अंतर 157 इंच, ओबी बसमध्ये 174. फरक 17 इंचांचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या टायरचा. पण पडद्यावर पट्टी ठेवली की तो लपत नाही. आमची गाडी बसच्या मापाची निघाली.

मग तुमचं दुसरं पत्र आलं, त्याच चित्रावर लाल पेनाने गोल काढून. खोक्याच्या पत्र्यावर रिबिटांच्या ओळी होत्या, आणि त्या ओळींचे चौकोन एकाच उंचीवर, एकसारख्या अंतराने पडले होते. खिडक्या काढून तिथे पत्रा ठोकलेला! त्यांच्या वर पावसाच्या पाण्याची पन्हळ मागे जाताना खाली वळत होती. “मालाच्या खोक्याला एवढी नटवलेली पन्हळ कोण लावतो?” असं तुम्ही कडेला खरडलं होतं. ते वाचून मी एकटीच हसले. ते वळण डुपल कंपनीच्या व्हिस्टा बॉडीचं, एकोणतीस आसनी बसचं.

तिथून सालाकडे जाणं सोपं झालं. ओबी 1939 मध्ये आली. युद्धामुळे मोजक्याच बनून थांबली. मधल्या काळात त्याच बोनेटमागे ओडब्ल्यूबी ही साधी, कोनाकोनांची युद्धकालीन बस निघत होती. ओबी पुन्हा 1945 पासून 1951 पर्यंत बनली. आणि चांगली धावती बस कुणी दुसऱ्याच दिवशी कापत नाही. प्रवाशांच्या कामातून बाद झाली की मगच तिचं फिरतं दुकान, वाचनालय नाहीतर माल वाहायची गाडी होते. म्हणजे रीळ युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी चित्रित झालेली. कधीच्या आधी, ते मात्र गाडी सांगत नाही. जुनं धूड दहा वर्षांनंतरही पडद्यावर दिसू शकतं, हेही तुम्हीच बजावलंत. नोंदीत मी तेवढंच लिहिलं.

तेव्हापासून जुना चित्रपट बघताना कथा बाजूला राहते आणि मी चाकं मोजत बसते. (घरच्यांची तक्रार तुमच्याकडे पोचवतेय.) मूकपटातला फोर्ड टीचा ट्रक दिसला की तो 100 इंची साधा टी की 1917 पासूनचा 124 इंची टीटी, हे आधी ठरतं. फोक्सवॅगनच्या व्हॅनला समोरच्या काचेवर पुढे आलेली कपाळपट्टी असेल, तर ती 1955 किंवा त्यानंतरची. सिट्रोएनच्या नालीदार पत्र्याच्या एच व्हॅनचीच फिरती दुकानं इतकी का दिसतात, तेही तुमच्यामुळे कळलं. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्ट खालून जात नाही, तळ जमिनीलगत ठेवता येतो आणि आत ताठ उभं राहता येतं.

‘घोस्टबस्टर्स’ चित्रपटातली ती प्रसिद्ध पांढरी गाडी 1959 ची कॅडिलॅक आहे, एवढं मला ठाऊक होतं. पण कॅडिलॅक मागचा भाग न बांधताच लांब चासी द्यायची आणि त्यावर रुग्णवाहिका किंवा शववाहिका मिलर-मीटिअरसारख्या कंपन्या बांधायच्या, हे तुम्ही सांगेपर्यंत एका गाडीला दोन कारखान्यांची नावं का लागतात याचा उलगडा होत नव्हता. तुमची सगळी नोकरी बॉड्या बांधण्यात गेली, म्हणून जोड कुठे असेल हे तुम्हाला हाताने माहीत आहे. मला ते डोळ्यांनी शिकावं लागतंय.

आणखी एका गोष्टीसाठी खास आभार. नुसतं मडगार्ड आणि अर्धा दिवा दिसणारं चित्र मी पाठवलं होतं. इतरांनी धडाधड नावं सांगितली. तुम्ही लिहिलंत, “एवढ्यावरून सांगता येणार नाही.” त्या चित्रापुढची जागा नोंदवहीत मी कोरीच ठेवली आहे.

सोबत नवं चित्र जोडतेय. घोडे न्यायची गाडी आहे, पण तोंड ऑस्टिन कंपनीच्या के2 या ट्रकचं वाटतं, आणि केबिनला दारांऐवजी कॅनव्हास लोंबतोय. म्हणजे सैन्याची रुग्णवाहिका असावी. युद्धात त्या 13 हजारांहून जास्त बनल्या, तेव्हा नंतर कुणी एखादी घोड्यांसाठी घेतली असेल तर नवल नाही. मागच्या खोक्याचे कोपरे मात्र मूळचे वाटत नाहीत. लाल पेन घेऊन बसा, सवडीने.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
चाकं मोजणारी पुतणी