आकडा पाहणाऱ्याने जेवणही पाहावे

संपादक महोदय,

टाइप-२ मधुमेहासाठी निघालेली ॲप, दंडावर लावायचे सेन्सर आणि मनगटावरची घड्याळे यांची माहिती आरोग्य पुरवण्यांतून सातत्याने येत असते. सावकाश आणि लक्ष देऊन जेवण्याचे महत्त्वही तिथेच, पण बहुधा दुसऱ्या पानावर आणि दुसऱ्या लेखकाने सांगितलेले असते. अनेक वर्षे हा आजार सांभाळणारी रुग्ण म्हणून मला वाटते की ही फारकत रुग्णांच्या हिताची नाही. शुगर मोजणे आणि जेवणाकडे लक्ष देणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत आणि ती एकमेकांविना अपुरी पडतात, हे मांडण्यासाठी हे पत्र.

आधी मोजण्याविषयी. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० टाइप-२ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाने घरी शुगर तपासलीच नाही, दुसऱ्याने दिवसातून एकदा तपासली, तर तिसऱ्याला रोजच्या तपासणीबरोबर ग्लुकोमीटरवरच मार्गदर्शक संदेशही मिळत होते. वर्षअखेरीस तिन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे सरासरी शुगर दाखवणाऱ्या रक्ततपासणीत, लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून ग्लुकोमीटर निरुपयोगी ठरवणे चुकीचे होईल. इन्सुलिन घेणाऱ्यांचे तर त्याच्यावाचून चालतच नाही. मात्र बोट टोचले, आकडा वहीत उतरवला आणि वही मिटली, एवढ्यावरच जर काम थांबत असेल, तर त्या आकड्याचा पुढच्या जेवणाशी संबंध येणार कसा? १४२ हा आकडा समाधानाचा की काळजीचा, हे तो उपाशीपोटीचा आहे की जेवणानंतरचा, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणूनच जोडीने तपासण्याची पद्धत मला अधिक उपयोगाची वाटते. एखादे जेवण निवडावे, त्याआधी शुगर पाहावी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी पुन्हा पाहावी. मग त्याच जेवणात एकच बदल करून तीच जोडी परत तपासावी. कोणता बदल करावा, याची दिशा संशोधनातून मिळते. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या ११ रुग्णांना तेच जेवण दोन वेगळ्या क्रमांनी दिले गेले. भाज्या आणि प्रथिने आधी खाऊन पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले, तेव्हा एका तासानंतरची शुगर उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे ३७ टक्के कमी होती. अकरा जणांवरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही हे खरे, पण ज्याच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्याला हे स्वतःच्या ताटावर पडताळून पाहता येते, आणि यंत्राचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. जेवणानंतर थोडे चालण्याचा परिणामही असाच स्वतः मोजून पाहता येतो.

सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तर चित्र अधिक स्पष्ट होते. एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, कारण तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते; रक्तक्षयासारख्या कारणाने ती फसवीही येऊ शकते. सात टक्के एचबीए१सी असलेल्या दोघांचे दिवस अगदी निराळे असू शकतात, एकाची शुगर स्थिर तर दुसऱ्याची सारखी वरखाली होणारी. सेन्सर हा फरक दाखवतो. दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक काळ शुगर दर डेसिलिटर रक्तात ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी, असे बहुतेक प्रौढ रुग्णांसाठीचे उद्दिष्ट २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मांडले आहे. मी सेन्सर लावला तेव्हा तेच आणि तेवढेच जेवण एकदा कामाचे कागद समोर ठेवून भराभर उरकले आणि एकदा शांतपणे बसून जेवले. पहिल्या आलेखाची रेष कड्यासारखी उभी चढली होती, दुसऱ्याचा चढ टेकडीसारखा होता. एका रुग्णाचा अनुभव हा पुरावा नव्हे, पण घाईने जेवू नये हे वर्षानुवर्षे ऐकलेले वाक्य मला त्या पडद्यावर पहिल्यांदा पटले.

सेन्सरच्या मर्यादाही वापरणाऱ्याला सांगितल्या गेल्या पाहिजेत. तो रक्तातील नव्हे, तर त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातील शुगर मोजतो, त्यामुळे शुगर वेगाने बदलत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपल्याने त्यावर दाब पडला, तर शुगर घटल्याचा खोटा इशारा मध्यरात्री वाजतो. अशा वेळी बोट टोचून खात्री करावी. काही न खाता पहाटे शुगर चढते, त्यामागे शरीरातील संप्रेरके आणि यकृताने सोडलेली साखर असते. हे माहीत नसलेला रुग्ण आदल्या रात्रीच्या जेवणाला उगाच दोष देत बसतो आणि उपाशी राहू लागतो.

आता लक्ष देऊन जेवण्याविषयी. ही काही गूढ साधना नाही. पहिल्या घासाआधी क्षणभर थांबून ही भूक आहे, की थकवा, कंटाळा, चिंता आहे, असे स्वतःला विचारायचे. चव आणि पोत जाणवेल इतक्या सावकाश चावायचे. जेवण निम्मे झाल्यावर थांबून पोटाचा अंदाज घ्यायचा. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचायला साधारण २० मिनिटे लागतात, त्यामुळे पाच-सात मिनिटांत जेवण उरकणारा माणूस ती जाणीव होण्याआधीच गरजेपेक्षा जास्त खाऊन बसलेला असतो. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्राथमिक अभ्यासात ५२ टाइप-२ रुग्णांपैकी काहींना सजगतेने खाण्याचे, तर काहींना मधुमेह व्यवस्थापनाचे नेहमीचे आहारशिक्षण दिले. तीन महिन्यांच्या कार्यक्रमानंतर दोन्ही गटांत वजन आणि एचबीए१सी घटले होते आणि दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. सजगता ही नेहमीच्या शिक्षणापेक्षा सरस आहे, असा दावा त्यामुळे करता येत नाही. परंतु ज्यांना पदार्थांचे हिशेब मांडणे जमत नाही, त्यांच्यासाठी दुसरी विश्वासार्ह वाट आहे, हेही काही कमी नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र करताना खरी अडचण फोनचीच येते. घासाघासाला ॲपमध्ये नोंदी करणारा माणूस जेवत नसतो, हिशेब लिहीत असतो. शिवाय ‘एक वाटी’ असे नोंदवताना वाटी केवढी, हे ॲपला कळत नाही, आणि उष्मांकाचा जो नेमका आकडा समोर येतो तो मुळात अंदाजच असतो. मी जेवणाआधी ताटाचा फोटो काढते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि जेवण झाल्यावर एकच ओळ लिहिते: किती भूक होती आणि कुठे थांबले. दोन तासांनंतरचा आकडा त्या ओळीशेजारी लिहिला की डॉक्टरांशी बोलायला काहीतरी ठोस हाती येते. आकडा वाढलेला दिसला की अपराधी वाटून नोंदच टाळणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना रागे भरण्याऐवजी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी ‘त्या दिवशी काय झाले होते?’ असे विचारले, तर नोंदी टिकतात.

एक धोका मात्र ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण कमी केले आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर, सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते.

आपल्याला विनंती अशी की, नव्या साधनांवरील मजकुरात ते साधन नेमके काय मोजते आणि कुठे चुकते, हेही छापावे. त्वचा न टोचता शुगर सांगण्याचा दावा करणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. अशा घड्याळाच्या आकड्यावर कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवली तर ते जिवावर बेतू शकते. आणि पुढच्या वेळी सेन्सरवर लेख येईल तेव्हा, त्यावर दिसणारा आलेख समोर ठेवून एखाद्या आहारतज्ज्ञाने एक जेवण कसे बदलावे हे त्याच लेखात समजावून सांगावे. आम्हा रुग्णांना त्याची निकड आहे.

आपली,
एक वाचक