इलेक्ट्रिकलच का, हे तुला सांगायचंय

अलोरे,
रविवार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढा पर्सेंटाइल असून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे ईएनटीसी, सोडून इलेक्ट्रिकल?" तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, म्हणून मी "नंतर बोलू" म्हणून ठेवून दिला. पण हे बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेऱ्यांचा, म्हणजे कॅपचा, ऑप्शन फॉर्म मी अजून कन्फर्म केलेला नाही. पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत लागली तर ती आपोआप फ्रीझ होते, म्हणजे मग बदलता येत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत जे टाकायचं त्याबद्दल मनात किंतु नको, आणि तुझ्या मनातही नको.

तुझं मला पक्कं माहीत आहे. विज्ञानदिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण बघून आलास तेव्हापासून तू ईएनटीसीचाच आहेस. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्या पकडतात काय, तर वॅटच्या पुढे शून्यांची रांग लावावी लागेल इतका क्षीण सिग्नल. तो गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, हा प्रश्न तुला झोपू देत नाही. तू ईएनटीसीलाच जा. सिग्नल, अँटेना, कम्युनिकेशन, व्हीएलएसआय म्हणजे चिपची रचना, हे सगळं तुझं आहे. "इलेक्ट्रिकलला सरकारी भरती निघते" असं तुझे काका म्हणतात म्हणून शेवटच्या दिवशी क्रम बदलू नकोस. एवढ्यासाठी तरी हे पत्र तू पूर्ण वाच.

माझा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो इथे राहिल्यामुळेच पडला. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, तिथे वीज तयार होते. मग तेच पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा वापरतात आणि शेवटी वाशिष्ठीत सोडतात. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. लहानपणापासून ऐकलेला आकडा आहे हा, पण त्याचा अर्थ अकरावीत कळला. बाबांना विचारलं होतं, पाणी आहे, यंत्रं आहेत, तर रात्रंदिवस का चालवत नाहीत? ते म्हणाले, वळवता येणाऱ्या पाण्याला वर्षाची मर्यादा आहे, म्हणून ते जपून, मागणी चढते त्या वेळेला वापरायचं. औष्णिक केंद्राला थंड अवस्थेतून भार घ्यायला तासन्‌तास लागतात, आमची यंत्रं काही मिनिटांत उभी राहतात.

त्यानंतर मी वाचतच गेले. ग्रीडमध्ये, म्हणजे सगळी केंद्रं आणि तारा जोडलेल्या जाळ्यात, वीज साठून राहत नाही. लोक या क्षणी जेवढी ओढतात तेवढी याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली की सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि पन्नास हर्ट्‌झची फ्रिक्वेन्सी खाली येऊ लागते. चंद्रपूरपासून कोयनेपर्यंत सगळी यंत्रं एकाच लयीत बांधलेली आहेत आणि कुणीतरी सतत त्या लयीवर नजर ठेवून आहे. हे जमलं नाही तर काय होतं ते देशाने ३० आणि ३१ जुलै २०१२ ला पाहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या ग्रीड एकदम कोसळल्या. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा आपण लहान होतो, पण टीव्हीवर रुळांवरून चालणारी माणसं मला आठवतात. मला हा गुंता समजून घ्यायचाय. सिग्नलचा तुला जसा ध्यास आहे, तसा मला याचा आहे.

तुझा मुद्दा असा की पुढचं सगळं चिपवर येणार, इलेक्ट्रिकल जुनं झालं. यावर मी खूप विचार केला. थायरिस्टर, म्हणजे मोठा प्रवाह सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, निघाला १९५७ मध्ये, तोही चिपसारखा सिलिकॉनचाच. अशा थायरिस्टरच्या राशी रचून चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी लाइन चालते, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टवर १५०० मेगावॅट वाहून नेते. ही लाइन इलेक्ट्रिकलची की इलेक्ट्रॉनिक्सची? इलेक्ट्रिकलवाल्यांची संस्था अमेरिकेत १८८४ ला निघाली, रेडिओवाल्यांची १९१२ ला. दोन्ही १९६३ मध्ये एक होऊन आज सगळे जिचं नाव घेतात ती आयट्रिपलई ही अभियंत्यांची संस्था झाली. म्हणजे ही भिंत त्यांनी आपल्या जन्माच्या कितीतरी आधी पाडली, आपल्याकडच्या फॉर्मवर मात्र ती अजून उभी आहे.

आणि खरी गंमत आता सुरू होतेय. जनित्राच्या जड फिरत्या रोटरमध्ये ऊर्जा असते. अचानक एखादं केंद्र बंद पडलं तर तीच पहिले काही सेकंद सांभाळून घेते. सौर पॅनेलला फिरणारं काहीच नाही. त्याच्या डीसीची एसी करणारा इन्व्हर्टर म्हणजे नुसते स्विच आणि कंट्रोल. सौरऊर्जा वाढेल तशी ती सेकंदांची सवड कमी होणार, मग इन्व्हर्टरलाच लय धरायला शिकवावं लागणार. मला तिथे काम करायचंय. त्या जागी ईएनटीसीतूनही पोचता येतं, मला माहीत आहे. मग इलेक्ट्रिकलमधून का?

कारण जे घरी शिकता येत नाही ते शिकायला कॉलेजात जावं, असं मला वाटतं. मायक्रोकंट्रोलर, ब्रेडबोर्ड, मल्टिमीटर मी टेबलावर मांडून बसू शकते, बसतेच आहे. चूक झाली तर एखादा आयसी जळतो. पण सिंक्रोनस मशीन, म्हणजे ग्रीडच्या लयीत फिरणारं जनित्र, ग्रीडला जोडून बघणं, ट्रान्सफॉर्मरचं टेस्टिंग, बिघाड ओळखणारा रिले सेट करून खरोखर ब्रेकर पाडून बघणं, हाय व्होल्टेजच्या लॅबमध्ये इन्सुलेटरवर ठिणगी उडताना बघणं, हे घरी कोण करू देणार? ते शिकवणारं माणूस शेजारी उभं असावंच लागतं. तुझ्या बाजूलाही असं आहे म्हणा. चिप बनवायची किंवा मायक्रोवेव्ह लहरी मोजायच्या तर ते टेबलावर होत नाही. म्हणूनच म्हणते, कॉलेज निवडताना प्लेसमेंटचे फलक नंतर बघ, आधी लॅब बघ. कुठलं उपकरण चालू आहे आणि मुलांना हात लावू देतात का, हे सीनियरना विचार.

घरचं सांगते. आत्या म्हणाली, मुलीने काय खांबावर चढायचं का? मला वाईट वाटलं, पण तिच्यावर नाही रागावले. तिने आयुष्यात वायरमन सोडून या क्षेत्रातलं दुसरं कुणी बघितलेलं नाही. मी तिला बाबांच्या कंट्रोल रूमबद्दल, बिघाडापासून यंत्रांच्या संरक्षणाच्या आखणीबद्दल सांगितलं. आणि हेही सांगितलं की चढायची वेळ आली तर चढेन, पट्टा बांधून, लाइन बंद करून, अर्थिंग करून. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनेच माझी कागदपत्रं फाईलला लावून ठेवली.

आता तुझ्या फॉर्मचं. ब्रँचच्या नावावर जाऊ नकोस. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर, प्रत्येक ठिकाणी आत वेगळं शिकवतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून बघ. तुला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स हवं आहे आणि काही ठिकाणी ते अगदी थोडक्यात उरकलंय. पुढे एमटेकसाठी द्यायच्या गेट परीक्षेला ईई (इलेक्ट्रिकल) आणि ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) हे वेगळे पेपर आहेत, पण तो विचार आत्ता नको. आणि "आधी मिळेल ते घे, दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलू" या भरवशावर तर मुळीच राहू नकोस, जागा रिकामी राहिली तरच ते होतं.

माझा क्रम असा लावलाय: आधी मुंबईचं व्हीजेटीआय, मग पुण्याचं सीओईपी, मग सांगलीचं वालचंद, मग कराडचं सरकारी कॉलेज. सगळीकडे इलेक्ट्रिकल. कराड चौथं असलं तरी लागलं तर आनंदाने जाईन. तुझे पहिले पाच मला पाठव, एकेकाचा अभ्यासक्रम मी वाचून काढते. माझ्या यादीत काही चुकतंय असं वाटलं तर बुधवारच्या आत कळव, गुरुवारी बाबांबरोबर बसून फॉर्म कन्फर्म करणार आहे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी मैत्रीण